सहावी ते आठवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या तासिकेत संगणकाला हात कधी लावू द्यावा?

फळाखडू

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत गणित शिकवतो आणि यंदापासून सहावी ते आठवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या तासिकाही माझ्याकडे आल्या आहेत. आमच्या संगणक कक्षात चालू स्थितीतील यंत्रे आठ, प्रत्येक तुकडीचा पट चाळीसच्या आसपास आणि आठवड्याला पस्तीस मिनिटांची एकच तासिका. इंटरनेट मुख्याध्यापकांच्या दालनापर्यंत पोहोचते, कक्षापर्यंत नाही. सूचना करताना ही चौकट गृहीत धरावी, एवढीच विनंती.

या विषयाची आमच्याकडे रूढ झालेली पद्धत बहुतेकांच्या परिचयाची असेल. सहावीत संगणकाच्या भागांची नावे पाठ करायची आणि पेंटमध्ये डोंगर, नदी, झोपडी काढायची. सातवीत वर्डमध्ये रजेचा अर्ज लिहायचा. आठवीत पॉवरपॉइंटच्या चार सरकपट्ट्या करायच्या. मुलांना हे आवडते, कारण वर्गाबाहेर पडण्याची तेवढीच संधी असते. परंतु तीन वर्षे हे सारे करून आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलाला, यंत्राने अमुक गोष्ट का केली आणि तमुक का केली नाही, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि माझ्या मते या विषयात शिकवण्याजोगे जे आहे ते नेमके त्या उत्तरात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे, म्हणजे यंत्रासाठी आज्ञा लिहिण्याचे, उपक्रम सुरू करावेत असे म्हटले आहे, त्यामुळे पालकसभेतही 'कोडिंग कधी सुरू करणार?' हा प्रश्न आता हमखास येतो.

मी मनाशी एक नियम ठरवला आहे, तो असा, की कोणतीही कृती यंत्रावर करण्याआधी तिचा परिणाम काय होईल हे प्रत्येक मुलाने वहीत लिहायचे आणि मगच कळफलकाला हात लावायचा. उदाहरणार्थ, सहावी ते आठवीसाठी शालेय पोषण आहारात प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. एक्सेलसारख्या तक्त्यात आठवड्याची उपस्थिती एका स्तंभात भरायची, शेजारच्या स्तंभात सूत्र लिहायचे आणि सूत्र चालवण्यापूर्वी शनिवारपर्यंत साधारण किती किलो तांदूळ लागेल याचा अंदाज मांडायचा. मग मंगळवारची उपस्थिती बदलली तर कोणकोणत्या चौकटींतील आकडे बदलतील आणि कोणत्या तशाच राहतील, हेही आधी लिहायचे. मुलाचे उत्तर आणि पडद्यावरचा आकडा जुळला नाही, की तिथून तासिका खऱ्या अर्थाने सुरू होते.

या पद्धतीने जवळजवळ निम्मा वेळ यंत्राविना जाणार. पालकांना आणि कदाचित मुख्याध्यापकांनाही तो वाया गेल्यासारखा वाटेल. ज्यांनी या वयाच्या मुलांना हा विषय शिकवला आहे त्यांना मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यंत्राविना घेतलेल्या तासिका खरोखर उपयोगी पडतात का. मराठी टंकलेखन कधी आणि कोणत्या पद्धतीने सुरू करावे. आणि या साऱ्याला गुण कसे द्यावेत?

रानवाटा

सर, मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे आणि आमच्याकडे यंत्रांची संख्या तुमच्याहूनही कमी आहे, त्यामुळे यंत्राविना शिकवण्याची सवय आम्हाला नाइलाजानेच लागली. या प्रकाराला आता चांगले जुने शास्त्र आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात असे बरेच खेळ रचले, आणि ते शिक्षकांना विनामूल्य मिळतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सीएसपाठशाला या उपक्रमानेही भारतीय शाळा डोळ्यांपुढे ठेवून याच धर्तीचे पाठ तयार केले आहेत.

मी सहावीला पहिल्याच आठवड्यात पाच पुठ्ठे देते. त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ इतके ठिपके असतात. पाच मुले पुढे उभी राहतात. पुठ्ठा समोर धरला तर तेवढे ठिपके मोजायचे, उलटा धरला तर शून्य. एखाद्याने आपल्या जन्मतारखेचा आकडा सांगायचा आणि पाच जणांनी तो उभा करायचा. २१ म्हटले की सोळा, चार आणि एक वर येतात, बाकीचे दोन उलटे राहतात. सगळ्या पुठ्ठ्यांची बेरीज ३१ होत असल्याने वर्गातील एकही जन्मतारीख या पाच पुठ्ठ्यांबाहेर जात नाही, आणि हे मुलांच्या ध्यानात आले की 'सहावा पुठ्ठा आणला तर कुठवर जाता येईल?' हा प्रश्न तीच विचारतात. तुमचा भाकिताचा नियम इथे आपसूक बसतो. मी उत्तर सांगत नाही, बत्तीस ठिपक्यांचा पुठ्ठा करायला लावते.

सातवीला शोध घेण्याची कृती चांगली जमते. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या 'मोठी की लहान' एवढ्याच उत्तरावर ओळखायची. दर वेळी मधोमध विचारणाऱ्याला सात प्रश्नांपेक्षा जास्त लागत नाहीत, आणि एकापासून ओळीने विचारणारा कधी कधी शंभरीपर्यंत जातो. नंतर मी विचारते, की संख्या १ ते २०० केल्या तर किती प्रश्न वाढतील? बहुतेक मुले सात म्हणतात. एकच वाढतो, हे कळल्यावर वर्गात जो गोंगाट होतो त्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करते.

एक सावधगिरी मात्र हवी. यंत्राविना घेतलेली कृती आणि यंत्रावरचे काम यांत महिन्याचे अंतर पडले, तर मुलांच्या लेखी तो निव्वळ खेळ राहतो. पुठ्ठ्यांचा खेळ झाला की त्याच किंवा पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट यंत्रावर दिसलीच पाहिजे.

आणखी एक, जे तुम्ही विचारले नाही. आठ यंत्रांवर चाळीस मुले म्हणजे एका यंत्राशी पाच. माऊस कोणाच्या हातात राहतो ते पहिल्या दिवसापासून पाहा. आमच्याकडे ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे तो मुलगा मधोमध बसतो आणि मुली बाकाच्या टोकाला सरकतात. मी असा दंडक घातला आहे, की ज्याच्या हातात माऊस आहे त्याने स्वतःचे डोके चालवायचे नाही, शेजारचा सांगेल तेवढेच करायचे, आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. सांगणाऱ्याला नेमके शब्द शोधावे लागतात, आणि प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे तरी दुसरे काय!

मांडवीकाठ

मी गोव्यात शिकवते. आमच्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची केअर्स योजना काही वर्षांपासून चालू आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे. रानवाटाबाईंचे म्हणणे मला बरेचसे पटते, परंतु 'आधी वहीत लिहा, मगच हात लावा' हा सरसकट नियम मला मान्य नाही.

पहिले कारण असे, की ज्या मुलांचे लेखन कच्चे आहे ती याही विषयात मागच्या बाकावर जातील. संगणकाच्या कक्षात आजवर अशाच काही मुलांना प्रथमच आत्मविश्वास आलेला मी पाहिला आहे, तो आपण लेखणीच्या अटीवर काढून घेऊ नये. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या गोष्टीशी ओळखच नाही तिच्याबद्दल भाकीत करता येत नाही, केवळ तर्कट लढवता येते. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा केली तेव्हा त्यामागे विचारच असा होता, की मुलाने यंत्राला शिकवावे, चुकावे आणि ती चूक स्वतःच शोधून काढावी. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेले स्क्रॅच त्याच परंपरेतले आहे. त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे असल्याने स्वल्पविराम राहिला म्हणून सगळा प्रोग्रॅम अडला, असे होत नाही. जे चुकते ते विचारातले चुकते.

सर गणिताचे आहेत म्हणून हे उदाहरण देते. मी मुलांना प्रथम दहा मिनिटे काहीच सांगत नाही, हवे ते ठोकळे ओढू देते. मग स्क्रॅचमध्ये चौरस काढायला सांगते: शंभर पावले पुढे, ९० अंश वळा, हे चार वेळा. तो सहज जमतो. त्यानंतर समभुज त्रिकोण काढायला सांगते आणि इथे तुमचे भाकीत घेते. जवळजवळ सर्व मुले 'पुढे जा, ६० अंश वळा, असे तीन वेळा' असे आत्मविश्वासाने सांगतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्यांना पाठ असते. पडद्यावर त्रिकोण येत नाही, अर्धा षटकोन येतो. कोणी म्हणते यंत्र बिघडले. मग मी एका मुलाला मैदानावर खडूच्या रेषेवरून चालायला लावते. कोपऱ्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, हे त्याच्या पायांना कळते, आणि १२० हा आकडा कोणीतरी उच्चारतो. त्यापुढे पंचकोन आणि अष्टकोन सांगावे लागत नाहीत, ३६० ला बाजूंच्या संख्येने भागायचे हे मुलेच शोधतात.

थोडक्यात क्रम असा हवा: आधी हाताळणी, मग आश्चर्य, आणि त्यानंतर भाकीत. हात न लावता घेतलेले भाकीत कोरडे असते.

फळाखडू

अर्ध्या षटकोनाचे उदाहरण मी उद्याच्या भूमितीच्या तासालाही वापरणार आहे, त्याबद्दल आभार. लेखन कच्चे असलेल्या मुलांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. भाकीत तोंडी सांगितले, चित्र काढून दाखवले किंवा बोटाने पडद्यावर वाट रेखाटली तरी ते भाकीतच, तेव्हा वहीची अट मी सैल करतो. हाताळणी आधी की भाकीत आधी, यावर मात्र माझे मन अजून तुमच्याकडे पूर्ण झुकलेले नाही. एका यंत्राशी पाच मुले असतील तर त्या मोकळ्या दहा मिनिटांत हाताळणी एकाची होते आणि आश्चर्यही त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते, उरलेले चौघे बघे राहतात. भाकीत निदान पाचही जणांना करता येते.

मराठी टंकलेखनाबद्दल कोणी सांगू शकेल का?

अर्धविराम

मी शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि शनिवारी एका शाळेत मुलांना शिकवायला जातो, त्यामुळे माझे म्हणणे त्या मर्यादेत घ्यावे.

टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाणित कळफलकच निवडावा असे माझे ठाम मत आहे. रोमन लिपीत 'भारत'चे स्पेलिंग लिहून देवनागरी उमटवण्याची सवय सोपी वाटते, परंतु तिच्यासाठी सहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलाला आधी इंग्रजी अक्षरे जुळवावी लागतात, म्हणजे वळसाच. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. ज्या कळीवर क आहे तिच्यावरच शिफ्ट दाबून ख येतो, तसेच ग आणि घ, त आणि थ, द आणि ध. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला ही रचना काही तासिकांत उमगते, आणि ती विंडोज व लिनक्स दोन्हींत आधीपासून असल्याने वेगळे काही आणावे लागत नाही. आठवड्याला एका तासिकेत वेग येणार नाही, त्याची अपेक्षाही धरू नये.

भाकिताच्या नियमाला इथे फार चांगले खाद्य आहे. 'क्षण' हा शब्द टंकून घ्या आणि विचारा, की तो पूर्ण खोडायला बॅकस्पेस किती वेळा दाबावी लागेल? मुले दोन म्हणतात, कारण डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ती चार वेळा दाबावी लागते, कारण यंत्राने साठवले आहे ते क, हलन्ताचे चिन्ह, ष आणि ण. तिथून युनिकोडकडे जाता येते: देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला क्रमांक आहे, आपल्या ळ चा २३५५. यंत्राला ळ ठाऊक नाही, २३५५ ठाऊक आहे, आणि तो आकडा ते रानवाटाबाईंच्या पुठ्ठ्यांसारख्याच उघड-मिट भाषेत लिहिते. यासाठी पुठ्ठे बारा लागतील, एवढाच फरक.

ज्या गोष्टीकडे शाळांत कोणी लक्ष देत नाही ती म्हणजे फाइल आणि फोल्डर. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फोटो 'गॅलरीत' असतो एवढेच माहीत असते. फाइल कुठे साठवली, तिचे नाव काय, तिची नक्कल केली की ती हलवली, हे प्रश्नच त्यांना कधी पडलेले नसतात. माझा आवडता पाठ असा आहे: पाठ्यपुस्तकाचे एक पान मोबाइलवर टिपायचे आणि त्याच पानावरचा मजकूर नोटपॅडमध्ये टंकून युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक साठवण्याच्या रूढ पद्धतीत, साठवायचा. कोणती फाइल मोठी, आणि साधारण किती पट? दोन हजार चिन्हांचा मजकूर, प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट धरले तर फार तर सहा किलोबाइट होतो. फोटो तीनेक मेगाबाइटचा असेल तर ते अंतर पाचशे पटींच्या घरात जाते. मुले दहा पटींच्या पुढे अंदाज करत नाहीत. एवढे अंतर का, याचा शोध घेण्यात उरलेली तासिका जाते आणि ती जावीच.

केंद्रशाळा

गुणांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. शिक्षक प्रशिक्षणाच्या निमित्ताने या विषयाच्या बऱ्याच प्रश्नपत्रिका माझ्या नजरेखालून गेल्या आहेत, आणि 'संगणकाचा जनक कोण?' व 'सीपीयूचे पूर्ण रूप लिहा' यांपुढे त्या क्वचितच जातात. अशा परीक्षेसाठी संगणक कक्षाची गरजच नाही.

फळाखडू सरांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. भाकीत बरोबर आले म्हणून गुण देऊ नयेत. गुण दिले की मुले आधी यंत्र चालवून पाहतील, मग उत्तर वहीत उतरवतील आणि सारी पद्धत आठवडाभरात कोसळेल. भाकीत चुकले आणि ते का चुकले हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात त्याची नोंद घ्यावी. वर्णनात्मक नोंदींसाठी यापेक्षा चांगली सामग्री कुठल्याही विषयात मिळणार नाही. संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाला मी मुद्दाम बिघडवलेले काम देतो: एक चौकट गाळलेले बेरजेचे सूत्र, किंवा चौरसाऐवजी फरफटत जाणारी रेषा काढणारा स्क्रॅचचा प्रोग्रॅम, आणि दोष शोधून दुरुस्त करायला पंधरा मिनिटे.

इंग्लंडमध्ये सू सेंटन्स यांनी शाळेतील प्रोग्रॅमिंगसाठी पाच पायऱ्यांची मांडणी केली आहे: भाकीत करा, चालवा, तपासा, बदला, नवे घडवा. तिच्यात भाकीत पहिले येते, परंतु ते तयार प्रोग्रॅम वाचून करायचे असते, कोऱ्या पाटीवर नव्हे. मांडवीकाठ आणि फळाखडू यांच्यातील वाद मला वाटते इथे बराच मिटतो. मुलांच्या हाती प्रथम चालणारा, चार-पाच ठोकळ्यांचा प्रोग्रॅम द्यावा. तो पाचही जणांना वाचता येतो, त्यावर प्रत्येकाला बोलता येते आणि हाताळणीही लगेच मिळते.

दुसऱ्या कोणा राज्याने हे मनावर घेतले असेल तर ते केरळने. तिथे २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचेच काइट ही संस्था असे रूपांतर झाले, शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले गेले आणि दहावीला माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. तिथल्या यशाचे श्रेय यंत्रांच्या संख्येपेक्षा सातत्याने झालेल्या शिक्षक प्रशिक्षणाला अधिक द्यावे लागेल. आपल्याकडे यंत्रे येतात, उद्घाटन होते, आणि किल्ली लिपिकाच्या कपाटात राहते.

जाता जाता एक व्यवहारातली बाब. विद्यार्थ्यांची खाती कोणत्याही संकेतस्थळावर पालकांच्या मोबाइल क्रमांकावर उघडू नका. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये हे शिकवणाऱ्या तासिकेतच आपण मुलाला घरून ओटीपी विचारून आणायला सांगणे शोभत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक मात्र फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा.

फळाखडू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या सत्रासाठी ठरवले ते असे. सहावीला पुठ्ठे आणि लगेच पुढच्या आठवड्यात इन्स्क्रिप्टची ओळख, 'क्षण'च्या प्रश्नासह. सातवीला पोषण आहाराचा तक्ता आणि फाइल-फोल्डर. आठवीला स्क्रॅच, तयार प्रोग्रॅम वाचून भाकीत करण्यापासून. माऊसचा दंडक तिन्ही इयत्तांना लागू राहील. पालकांसाठी मी वेगळे भाषण करणार नाही; पुढच्या पालकसभेत त्यांनाच पाच पुठ्ठे हातात देऊन जन्मतारखा उभ्या करायला सांगेन.

एक अडचण उरली. आमच्या आठपैकी पाच यंत्रांवर विंडोज ७ आहे आणि स्क्रॅचची नवी आवृत्ती त्यांवर बसत नाही. मांडवीकाठबाई, यावर काही उपाय आहे का?

मांडवीकाठ

आहे. जुन्या यंत्रांसाठी स्क्रॅच १.४ वापरा, ती आवृत्ती हलकी आहे आणि इंटरनेटविना चालते. चौरस, त्रिकोण, अष्टकोन हे सारे तिच्यात व्यवस्थित होते. परंतु मग आठही यंत्रांवर तीच ठेवा. १.४ मध्ये साठवलेली फाइल तिसऱ्या आवृत्तीत उघडते, तिसऱ्या आवृत्तीतील फाइल १.४ मध्ये उघडत नाही, आणि मुले आज एका यंत्रावर तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या यंत्रावर बसणार. प्रत्येक गटाच्या नावाचे एक फोल्डर तुमच्या पेन ड्राइव्हवर असू द्या आणि तासिका संपण्यापूर्वी पाच मिनिटे त्यासाठी राखून ठेवा.